ओट्याला ग्रॅनाइट, देवघराला मार्बल: अग्निजन्य आणि रूपांतरित दगड निवडण्याची रीत

घराचं काम स्लॅबच्या पुढे सरकलं की कॉन्ट्रॅक्टर एका वाक्यात विषय संपवतो: "दगड तुम्ही पसंत करून या." तिथून गोंधळ सुरू होतो. दुकानात शंभर प्रकारच्या लाद्या उभ्या असतात आणि प्रत्येकीवर काश्मीर व्हाइट, गॅलेक्सी, पॅराडिसो, मकराणा, अंबाजी अशी नावं असतात. दुकानदार ठामपणे सांगतो, "हा घ्या, काही होत नाही याला." शेजारी सांगतात, "मार्बल चुकूनही घेऊ नका." नातेवाईक सांगतात, "ग्रॅनाइटने घर ऑफिससारखं दिसतं."

आमच्या घराच्या वेळी दगडाचं खातं माझ्याकडे होतं. त्या निमित्ताने खाणी, कटिंगचे कारखाने आणि पुष्कळ दुकानं पालथी घातली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. ग्रॅनाइट चांगला की मार्बल, या प्रश्नाला उत्तरच नाही. आधी जागा बघायची. तिथे आंबट सांडणार का, ऊन-पाऊस लागणार का, पाय घसरेल का, दगड अधांतरी राहणार का? मग त्या जागेला चालेल असा दगड शोधायचा. त्यासाठी तो मुळात कसा तयार झाला हे थोडं माहीत असलं की निम्मं काम होतं.

पायरी १: दगडाचं घराणं ओळखा

अग्निजन्य खडक म्हणजे वितळलेला शिलारस थंड होऊन झालेला खडक. हा रस जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे वाढतात आणि ग्रॅनाइट तयार होतो. रस वर येऊन लाव्हा म्हणून पसरला तर लवकर थिजतो, स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि बेसाल्ट तयार होतो. हाच आपला काळा पाषाण. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच बेसाल्टवर उभा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून त्याचे थरावर थर साचले.

रस थिजताना स्फटिक एकमेकांत घुसत वाढतात, म्हणून अशा दगडात मोकळी जागा फार कमी उरते आणि तो कुठल्याही एका दिशेने सहज फुटत नाही. काही बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, तेवढा अपवाद धरा.

रूपांतरित खडक आधी दुसरंच काही असतो. प्रचंड उष्णता आणि दाब यांनी तो न वितळता, घन अवस्थेतच बदलतो. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, शेलचा स्लेट म्हणजे पाटीचा दगड आणि ग्रॅनाइटचा नीस. यात दोन जाती आहेत. स्लेट, शिस्ट, नीस यांच्यात दाबामुळे पापुद्रे किंवा पट्टे पडलेले असतात. संगमरवर आणि क्वार्टझाइट यांच्यात पापुद्रे नसतात, नुसते दाण्याला दाणा घट्ट जुळलेले असतात.

इथे पहिला सापळा आहे. "दाबामुळे रूपांतरित खडक जास्त कठीण होतात" हे बहुतेकांनी शाळेत घोकलेलं असतं. ते वाक्य घेऊन दुकानात गेलात तर फसाल. कठीणपणा ठरतो खनिजावर. मोह्सच्या १ ते १० मापावर संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर आहे. ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, ७ वर. रूपांतरित असूनही क्वार्टझाइट ग्रॅनाइटला भारी पडतो, आणि रूपांतरितच असलेलं शंखजिरं नखाने ओरखडतं, कारण त्यातलं मुख्य खनिज टाल्क १ वर आहे. म्हणून घराण्याचं नाव कळल्यावर लगेच दोन प्रश्न विचारा: यात खनिज कोणतं, आणि पापुद्रे आहेत का?

जाता जाता एक खुलासा. कोटा, शहाबाद आणि कडप्पा या आपल्या घरोघरीच्या फरशा या दोन्ही घराण्यांतल्या नाहीत. ते चुनखडक आहेत, म्हणजे गाळाचे खडक. कोकण-गोव्यातला जांभाही वेगळाच, उष्ण दमट हवेत खडक कुजून झालेला. ते सगळे उत्तम दगड आहेत, पण या लेखात पाहुणे म्हणूनच येतील.

पायरी २: दुकानातली नावं बाजूला ठेवा

बाजारात घट्ट, पॉलिश होणारा आणि आम्लाला दाद न देणारा कोणताही दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. पॉलिश होणारा, मऊ आणि चुन्याच्या वंशातला दगड मार्बल म्हणून. ही फसवणूक नाही, व्यापाराची सोय आहे. तुम्हाला मात्र आत काय आहे ते माहीत हवं.

काळाभोर ॲब्सोल्यूट ब्लॅक हा भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नाही, डोलेराइटच्या वंशातला आहे. बेसाल्टचाच चुलतभाऊ, फक्त जरा खोल आणि सावकाश थंड झालेला. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी गॅब्रो या खोलवर थंड झालेल्या अग्निजन्य खडकाच्या जातीचा. त्यातले सोनेरी ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे. दोन्ही अग्निजन्य, दोन्ही ओट्याला झकास. क्वार्ट्झ जवळपास नसूनही ते टिकतात, कारण त्यांचे दाणे बारीक आणि गच्च बसलेले असतात. तेलंगणातला टॅन ब्राउन आणि राजस्थानातल्या जालोरचे गुलाबी दगड मात्र खरेखुरे ग्रॅनाइट.

लाटांसारखी नक्षी असलेला पॅराडिसो आणि लालसर गार्नेटचे ठिपके असलेला काश्मीर व्हाइट हे रूपांतरित. यातला काश्मीर व्हाइट काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा. त्यांना वाईट म्हणत नाही. पण पट्ट्यांच्या दिशेने अशा दगडात कमकुवत रेष असू शकते, आणि फिकट रंगाचे दगड तेल-हळद पितात. ओट्याला घ्यायचेच असतील तर सिंकची खाच कुठे येते आणि पट्टे कसे धावतात ते आधी बघा.

मार्बलच्या बाजूलाही गमती आहेत. मकराणा हा अस्सल संगमरवर. ताजमहाल त्याचाच, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याचंच, आणि २०१९ मध्ये त्याला जागतिक वारसा दगडांच्या यादीत स्थान मिळालं. इटालियन म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकी इटलीतल्या करारा गावचा स्टॅचुआरिओ खरा संगमरवर. बोत्तिचिनो मात्र चुनखडक. राजस्थानच्या केसरियाजीकडचा हिरवा मार्बल तर सर्पेंटाइन खनिजाचा. त्याच्या पातळ टाइल पाण्यात कालवलेल्या चिकटपदार्थावर लावल्या तर पाणी ओढून कडांना उचलतात. हिरवा मार्बल बसवायचा तर इपॉक्सी या पाणी नसलेल्या चिकटपदार्थावर बसवणारा कारागीर आधी शोधा.

"क्वार्टझाइट आहे" असं सांगून कठीणसर मार्बल गळ्यात मारणारेही भेटतात. त्याचा उतारा चौथ्या पायरीत.

पायरी ३: पिशवीत काय न्यायचं

- एक लिंबू आणि छोटा चाकू
- काचेचा तुकडा, कडा घासून बोथट केलेला
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं
- पाण्याची छोटी बाटली आणि खाद्यतेलाचे चार थेंब
- थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरं फडकं
- मोजपट्टी, आणि जाडी मोजायला व्हर्निअर मिळालं तर उत्तम
- घराचा नकाशा: ओट्याची लांबी-रुंदी, शेगडी आणि सिंकची जागा, पायऱ्यांची संख्या
- मोबाइलचा टॉर्च

चाचण्या उभ्या स्लॅबवर करू देणार नाहीत, आणि बरोबरच आहे. "याच लॉटमधला तुकडा द्या" असं म्हणा. कटिंगच्या कारखान्यात तुकड्यांचा ढीग असतो. तुकडा द्यायलाच कुणी तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

पायरी ४: तुकड्याची परीक्षा

*भिंगातून बघा.* ग्रॅनाइटमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. क्वार्ट्झ काचेसारखं, राखाडी, आकाराला बेढब. फेल्डस्पारला सपाट पाठी असतात. तुकडा उजेडात हळूहळू फिरवलात की एकेक पाठ लखकन चमकून विझते. आणि काळा अभ्रक. तुटलेल्या बाजूला सुईने टोचलं की त्याचा पातळ पापुद्रा सुटून येतो. हे तिन्ही जिकडेतिकडे विखुरलेले असतील तर ग्रॅनाइट. तेच दाणे एका दिशेने रांगेत, काळे-पांढरे पट्टे करून बसले असतील तर नीस. मार्बलच्या तुटलेल्या कडेला एकाच जातीचे दाणे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे लुकलुकतात.

*ओरखडा.* दगडाचं टोक काचेवर दाबून ओढा. काचेवर चर पडली तर क्वार्ट्झ-फेल्डस्पारचा दगड: ग्रॅनाइट, नीस किंवा खरा क्वार्टझाइट. काच शाबूत आणि दगडाची पूड पडली तर मार्बलचा वंश, पाटीवर नाव काहीही असो. काचेवरची रेघ ओल्या बोटाने पुसून खात्री करा, कारण पूड हीच चर वाटते.

*लिंबू.* पॉलिश केलेल्या बाजूवर फोड ठेवा आणि पंधरा मिनिटं इतर दगड बघा. कॅल्साइटच्या मार्बलवर गोल निस्तेज ठसा उमटलेला दिसेल. हा डाग नव्हे. तिथला दगडच विरघळलाय, म्हणून पुसून जात नाही. डोलोमाइट या कॅल्साइटच्या भावंड खनिजाचा मार्बल उशिरा आणि कमी दाद देतो, पण देतो. ग्रॅनाइटवर काही होत नाही. काही झालं तर तो ग्रॅनाइट नाही, किंवा वरून रंग-रेझिन चढवलेलं आहे.

*रंग.* काळ्या दगडाला थिनरचं फडकं घासा. फडकं काळं झालं तर राखाडी दगड रंगवून काळा केलाय. वर्षभरात ओट्यावर शेगडीपुढचा भाग फिका पडतो आणि मग कितीही पॉलिश करा, मूळ रंग परत येत नाही.

*पाणी आणि तेल.* थेंब ठेवा, दहा मिनिटांनी पुसा. खाली गडद ठसा राहिला तर दगड पितो. "ग्रॅनाइट काही पीत नाही" हे अर्धसत्य आहे. काळे गच्च दगड जवळपास पीत नाहीत, पण फिकट, भरड दाण्यांचे बरेच दगड तेल ओढतात. सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारं द्रव, लावून ते वापरता येतात. फक्त ते आधी कळलेलं बरं.

*पाठ बघा.* मागे जाळी चिकटवलेली असेल तर दगड तडकण्याच्या जातीचा आहे. इटालियन मार्बलला जाळी असतेच, त्यात गैर काही नाही. साध्या काळ्या ग्रॅनाइटला जाळी दिसली तर कारण विचारा.

पायरी ५: जागेनुसार दगड

ओटा. लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो हे आपलं रोजचं स्वयंपाकघर. इथे मार्बल नको. अग्निजन्य गडद दगड घ्या, जाडी १८ ते २० मिलिमीटर. गरम कढई थेट दगडावर ठेवायची सवय मात्र ग्रॅनाइटलाही सोसत नाही. एकाच जागी अचानक उष्णता लागली की वेगवेगळी खनिजं वेगवेगळी फुगतात आणि बारीक तडा जातो.

घरातली जमीन. मार्बलची खरी जागा. त्याला जागेवर बसवल्यावर घासून सलग पॉलिश करता येतं, सांधे दिसत नाहीत, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा घासलं की नवा. मऊपणाचा हाच फायदा. ग्रॅनाइट घासायला जड जातो, म्हणून तो कारखान्यातूनच पॉलिश होऊन येतो आणि दोन लाद्यांमधली पातळी जराही चुकली तर कायमची बोटाला लागते. दाराजवळ मात्र बाहेरून येणारी वाळू क्वार्ट्झची असते आणि ती मार्बलला रोज घासते. म्हणून उंबरठा आणि प्रवेशाची पहिली दोन-तीन फूट पट्टी ग्रॅनाइटची करा, आत मार्बल.

देवघर आणि मूर्ती. संगमरवरात उजेड थोडा आत शिरून परततो, म्हणून पांढऱ्या मूर्तीला ती मऊ झळाळी येते. छिन्नीलाही तो ऐकतो. आमच्याकडे कुंकू, तेल आणि पंचामृत याच जागी सांडतं, तेव्हा मूर्तीखाली ताम्हन किंवा काळ्या ग्रॅनाइटचा पाट ठेवा. दही आणि लिंबू दोघांनाही मार्बलशी वैरच.

जिना, अंगण, गच्ची. पाऊस लागणाऱ्या जागी पॉलिश केलेला कुठलाही दगड म्हणजे पाय मोडण्याची सोय. इथे ग्रॅनाइटला एक वेगळी युक्ती चालते. त्याच्या पाठीवर ज्योत फिरवली की वरचे क्वार्ट्झचे दाणे तडतडून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. याला फ्लेम फिनिश म्हणतात. मार्बलमध्ये क्वार्ट्झच नाही, त्यामुळे त्याच्यावर हा प्रयोग जमत नाही. पायरीच्या कडेला खाचा मारून घ्या. बजेट कमी असेल तर टाकीने घडवलेला काळा पाषाण. पावसाळी भागात मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

बाहेरची भिंत. पातळ मार्बल बाहेर लावण्याआधी शिकागोतली एक गोष्ट ऐका. १९७० च्या दशकात उभी राहिलेली स्टँडर्ड ऑइलची गगनचुंबी इमारत, आताचं एऑन सेंटर, करारा गावच्या पातळ मार्बलने मढवली होती. ऊन-थंडीच्या फेऱ्यांत कॅल्साइटचे दाणे एका दिशेने फुगतात, दुसऱ्या दिशेने आकसतात. दाण्यांमधली पकड सुटत गेली आणि लाद्या वाकायला लागल्या. १९९० ते १९९२ या काळात सगळा मार्बल उतरवून तिथे पांढरा ग्रॅनाइट लावावा लागला. आपल्याकडे हिमवर्षाव नाही, पण पश्चिमेचं ऊन आणि शहरातला आम्लयुक्त पाऊस आहेच. बाहेर लावायचाच तर ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइट, आणि नुसत्या चिकटपदार्थावर नाही, स्टीलच्या क्लॅम्पने.

पाया, जोतं आणि काँक्रीट. इथे दिखाऊ दगड लागत नाही, पण सगळ्यात जास्त दगड इथेच जातो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी डबर (पायात भरायचे ओबडधोबड दगड) आणि खडी बेसाल्टची. रस्त्याखाली आणि रेल्वेच्या रुळांखाली तीच. गच्च बेसाल्ट जड असतो आणि हातोडीखाली खणखणतो. पांढऱ्या गाठी भरलेला, भोकाळ दगड किंवा लालसर मातकट थरातला माल घेऊ नका. तो बदबद वाजतो आणि भिजला की सुटतो. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, आणि सिंधुदुर्ग-गोव्याच्या काही भागांत जमिनीखाली नीस, शिस्ट, क्वार्टझाइट असे रूपांतरित खडक आहेत. तिथे खडी घेताना दाण्याचा आकार बघा. शिस्टची खडी चपटी निघते. चपटे दाणे काँक्रीटमध्ये आडवे बसतात, खाली पाणी धरतात आणि ताकद घालवतात. मूठभर खडी हातात घेऊन पसरा, कवड्यांसारखे चपटे तुकडे जास्त असतील तर ट्रक परत पाठवा.

पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता. बेसाल्टच. दाणे बारीक आणि चिवट, त्यामुळे वाटणात कचकच येत नाही. वापराने गुळगुळीत झाला की टाकी लावून पुन्हा खरखरीत करता येतो. हल्ली शोभेचे मार्बलचे खलबत्ते मिळतात. वेलदोडे कुटायला ठीक, पण चिंच-लसणाची चटणी त्यात केलीत तर थोडा खलबत्ताही पोटात जाईल.

जुन्या कारागिरांनी हे सगळं प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं, ते बेसाल्टमध्ये. पापुद्र्यांचा खडक असता तर हत्तीएवढे तुकडे नको तिथे निसटले असते. बेलूर-हळेबीडूच्या होयसळ शिल्पकारांनी मात्र शंखजिऱ्याच्या वंशातला मऊ रूपांतरित दगड घेतला, म्हणून तिथल्या मूर्तींच्या दागिन्यांचा मणी न् मणी सुटा दिसतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ग्रॅनाइट आहे. तिथे नाजूक जाळीपेक्षा भव्यतेवर भर. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी वसईहून बेसाल्ट नेला, कारण जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही.

पायरी ६: मोजमाप, पैसे, कागद

ओट्याला भलीमोठी गँगसॉ स्लॅब (मोठ्या करवतीने अख्ख्या ब्लॉकची कापलेली) लागत नाही. अडीच फूट रुंदीची, लहान करवतीवर कापलेली कटर साइजची पट्टी पुरते आणि स्वस्त पडते. हॉलमध्ये सांधे कमी हवेत तर मोठी स्लॅब. पैसे देण्याआधी एवढं लिहून घ्या:

- मोजमाप स्लॅबच्या कुठल्या कडेपासून धरलंय; तुटक्या, वाकड्या कडांचे पैसे कोण देणार
- जाडी मिलिमीटरमध्ये. तोंडी "१८" म्हणतात आणि घरी १५-१६ येते
- लॉट नंबर, आणि सगळा माल एकाच ब्लॉकमधला असल्याची नोंद
- कटिंग, गोलाई, सिंक-शेगडीची खाच, मोल्डिंग यांचे दर वेगळे आणि रनिंग फुटाने, म्हणजे लांबीवर
- गाडीभाडं, हमाली आणि मजल्यावर चढवण्याची मजुरी
- वाटेत तुटलं तर भरपाई कोणाची
- जीएसटीचं पक्कं बिल. माल परराज्यातून येत असेल आणि ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाची प्रत
- डबर-खडीच्या गाडीसोबत गौण खनिज वाहतुकीचा पास. पास नसलेला माल तुमच्या प्लॉटवर उतरला तर महसूल खात्याचा प्रश्न तुमच्या दारात येतो

खडी ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचं खोकं आतून मोजा आणि गुणाकार तिथेच ड्रायव्हरसमोर करा. चेहऱ्यावरून बरंच कळतं.

वजनाचा अंदाज हवा. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट किंवा मार्बल चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. दहा फूट बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे ९० किलो. लिफ्टमध्ये मावेल का, जिन्यात वळेल का, हे आधी मोजा. नाहीतर वर नेण्यासाठी तो कापावा लागतो आणि नेमका मधे सांधा येतो.

पायरी ७: बसवताना समोर उभे राहा

घरात दगड दाबाने जवळजवळ कधीच मोडत नाही, कारण दोन्ही घराण्यांची दाब सोसण्याची ताकद काँक्रीटच्या कितीतरी पट असते. तो मोडतो वाकण्याने. खाली पोकळी राहिली, सिंकच्या खाचेपुढे दोन-तीन इंचांची पट्टी उरली आणि त्यावर कुणी चढून बल्ब बदलला, की खलास. म्हणून ओट्याखाली कडप्प्याचे आधार दीड-दोन फुटांवर, सिंकच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि खाचेचे कोपरे काटकोनी न कापता गोल. काटकोनातूनच तडा सुरू होतो. बसवून झाल्यावर नाण्याने टकटक करा. पोकळ वाजला तर तिथल्या तिथे उचलायला लावा.

पांढऱ्या मार्बलच्या पाठीला पांढऱ्या सिमेंटचा लेप हवा. करड्या सिमेंटची छाया खालून वर येते आणि ती कायमची. पॉलिशची घाई करू नका. खालचा थर सुकू द्या. सुतारकाम आणि रंगकाम होईपर्यंत मार्बल प्लास्टिक आणि पीओपीने झाकून ठेवा. ग्रिल कापताना उडणारा लोखंडाचा भुसा ओल्या मार्बलवर पडला तर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके तयार असतात.

सगळ्यात मोठा सापळा शेवटच्या दिवशी येतो. काम आटपताना मजूर सिमेंटचे डाग काढायला फरशीवर ॲसिड ओततात. ग्रॅनाइट बहुतेकदा वाचतो. मार्बलचं पॉलिश फेसाबरोबर वाहून जातं. ॲसिडची बाटली साइटवर येऊच देऊ नका.

पायरी ८: राहायला गेल्यावर

मार्बल पुसायला साधं पाणी आणि सौम्य, आम्ल नसलेला साबण. व्हिनेगर, लिंबू, बाथरूम क्लीनर वर्ज्य. हळद लागली तर लगेच पुसा. राहिलाच डाग तर ऊन लागू द्या, हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. निस्तेज पडलेला ठसा मात्र पुन्हा घासूनच जातो.

फिकट ग्रॅनाइटला आत मुरणारा सीलर लावा आणि पाण्याचा थेंब मुरायला लागला की पुन्हा लावा. तेलाचा डाग पडला तर टाल्कम पावडरचा जाड थर देऊन वर प्लास्टिक चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं. शंखजिऱ्याचीच ती पूड, तेल चांगलं ओढते.

आणि कापून उरलेले तुकडे भंगारात देऊ नका. त्यांच्या पाठीवर लॉट नंबर लिहून माळ्यावर ठेवा. पुढे नळाची जागा बदलली किंवा एखादी पायरी फुटली तर तोच रंग बाजारात पुन्हा मिळेलच असं नाही. खाणीत पुढच्या फळीला रंग बदललेला असतो.